नर्सिंगच्या मुलींना पेशंट सेफ्टी सिम्युलेशनने शिकवायचीय, पण लॅबमधला पुतळा अजून प्लास्टिकमध्येच आहे

कृष्णाकाठची ट्युटर

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावातल्या एका नर्सिंग कॉलेजात ट्युटर आहे, त्याआधी सात वर्षं वॉर्डात काढलीयेत. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नवा सेमिस्टर सिलॅबस २०२१ ला आला तेव्हापासून सिम्युलेशन (खऱ्या पेशंटऐवजी पुतळ्यावर किंवा नाटक करून सराव) हा शब्द जिथं तिथं दिसतो, त्यामुळे आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी यंदा ठरवलंय की १७ सप्टेंबरच्या पेशंट सेफ्टी डेला नुसती रांगोळी न् पोस्टर स्पर्धा नको, थर्ड इयरला सिम्युलेशन घ्या. घ्या म्हणजे मी घ्या.

आमच्याकडे आहे काय तर एक फुल बॉडी मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, इन्स्पेक्शनच्या आधी आणलेला, त्याचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही आणि कपाटाची चावी स्टोअरच्या सरांकडे. एक सीपीआरचा अर्धा पुतळा, त्याच्या छातीची स्प्रिंग गेलीय. दोन आयव्ही आर्म (शिरेत सुई लावायच्या सरावाचे हात), त्यातला एक इतका टोचून झालाय की सलाईन लावलं की टेबलावर तळं होतं. बॅच ५० ची, वेळ दोन तास, बजेट विचारू नका.

मागच्या वर्षी मी एकदा करून बघितलं होतं. पुतळ्याला 'आजी, कसं वाटतंय' म्हणायचं तर मुली खी खी करत सुटल्या, मग मी ओरडले, मग सगळ्या चिडीचूप, मग जिला पुढं बोलावलं तिनं घाबरून नाव न विचारता डायरेक्ट इंजेक्शन दिलं, मी सगळ्यांसमोर म्हटलं 'झालं, मारलास पेशंट', आणि ती रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी आली नाही. ते अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तर कुणी हे खरंच केलेलं असेल तर सांगा, एवढ्या सामानात काय करता येईल, आणि ते हसणं न् रडणं कसं सांभाळायचं. पीपीटी नको, पीपीटी माझ्याकडे चार आहेत.

आयसीयू ब्रदर

पहिलं म्हणजे धाग्याच्या नावात 'मुलींना' आहे, आम्ही ब्रदर लोक काय चुका करत नाही का :)

मॅडम, तुमचा पुतळा प्लास्टिकमध्येच राहू द्या, पहिल्या दिवशी त्याची गरज नाही. मी पुण्यात हॉस्पिटलच्या ट्रेनिंगला तीन वर्षं होतो, आमच्याकडे श्वास घेणारा, डोळे मिचकावणारा मॅनिकिन होता आणि सगळ्यात जास्त शिकवणूक झाली ती एका साध्या खाटेवर, उशी न् चादर गुंडाळून केलेल्या पेशंटवर. याला चुकांची खोली म्हणतात. एक खाट लावा, केस पेपर लावा, आणि मुद्दाम १०-१२ चुका पेरून ठेवा. खाटेचा कठडा खाली. युरिन बॅग जमिनीवर, किंवा वर खाटेच्या दांडीला टांगलेली म्हणजे लघवी उलटी जाणार. पेपरवर उपाशी ठेवा लिहिलंय आणि उशाशी चहाचा कप. ऑक्सिजनचा मास्क तोंडावर पण नळी सिलिंडरच्या फ्लोमीटरला जोडलेलीच नाही. सुई लाल पिशवीत टाकलेली (ती पांढऱ्या डब्यात जाते हे पाठ सगळ्यांना असतं, दिसत कुणाला नाही). सलाईनवर तारीख वेळ नाही. चार चार जणांना पाच मिनिटं आत सोडा, बोलायचं नाही, कागदावर लिहायचं, बाहेर यायचं. ५० मुलं एक तास न् वर थोड्या वेळात होतात, आतल्या चार जणांना हसायला वेळ मिळत नाही.

आणि एक चूक नावाची ठेवाच. हातातल्या बँडवर सुनीता पाटील, केस पेपरवर पण सुनीता पाटील, पण वय न् आयपीडी नंबर (भरतीचा नंबर) वेगळा. आपल्याकडं कुठल्याही फिमेल वॉर्डात दोन सुनीता पाटील निघतातच. त्यात बायकांचं माहेरचं नाव आधारवर, सासरचं केस पेपरवर, कुणाचं तर लग्नात पहिलं नावच बदललेलं. मुलं विचारतात 'तुम्हीच सुनीता पाटील ना?' आणि आजी झोपेत, कानानं कमी, कशालाही 'हो' म्हणतात. 'तुमचं नाव सांगा' असं विचारायची सवय लावायची, ही एवढी एक गोष्ट जरी दोन तासात अंगात मुरली तरी पैसे वसूल.

दुसरं स्टेशन इन्सुलिनचं करा, फुकटात होतं, रिकाम्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) मागून आणा. आपल्याकडं एमएलला ४० युनिटची न् १०० युनिटची अशा दोन्ही व्हायल चालतात आणि सिरिंज पण दोन, लाल टोपीची ४० ची, केशरी टोपीची १०० ची. ट्रेमध्ये १०० ची व्हायल ठेवा आणि शेजारी फक्त लाल टोपीची सिरिंज ठेवा, ऑर्डर १० युनिट. दहाच्या रेघेपर्यंत भरलं की आत पाव एमएल जातं म्हणजे २५ युनिट. बरोबर उत्तर 'ही सिरिंज चालणार नाही, दुसरी द्या' हे आहे, पण मुलं गणित घालायला बसतात किंवा सरळ भरतात, कारण मॅडमनी ट्रे ठेवलाय म्हणजे बरोबरच असणार असं वाटतं. मजा त्यातच आहे. ट्रेवर विश्वास ठेवायचा नाही हे शिकवायचंय.

हेपॅरिनचं (रक्त गोठू नये म्हणून देतात ते) पण तसंच, ५ एमएलची व्हायल, एमएलला एक हजार युनिटवाली न् पाच हजारवाली, म्हणजे एका बाटलीत ५,००० आणि दुसरीत २५,०००. 'एक व्हायल द्या' अशी तोंडी ऑर्डर देऊन बघा कोण काय करतं ते.

इंटर्नशिप चालू

मी ट्युटर नाही, आत्ताच फायनल दिलंय, तरी लिहिते. ती रडलेली मुलगी मी असू शकले असते.

आमच्या कॉलेजात पण सिम्युलेशन व्हायचं, म्हणजे एकीनं करायचं न् ४९ जणींनी बघायचं आणि मॅडमनी चुका मोजायच्या. मी काय शिकले सांगू का, पुढं जायचं नाही हे शिकले. मागच्या बाकावर लपायचं. सेकंड इयरला पोस्टिंगमध्ये माझ्या हातून एक गोळी चुकीच्या खाटेवर दिली गेली, व्हिटॅमिनची होती, काही झालं नाही. पण मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला फक्त लॅबमधला तो आवाज ऐकू येत होता. समजा ती व्हिटॅमिनची नसती तर? तरी मी सांगितलं नसतं असं आज वाटतं आणि ते मला जास्त भीतीदायक वाटतं. म्हणजे लॅबनं मला चूक टाळायला नाही, चूक लपवायला ट्रेन केलं.

मॅडम तुम्ही वाईट नाही, तुम्हाला अजून ते आठवतंय म्हणून लिहिलं.

कृष्णाकाठची ट्युटर

इंटर्नशिप चालू, बाळा, थँक्यू. हे वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला होता. मी त्या मुलीशी नंतर बोलले होते पण 'अगं तुझ्या भल्यासाठीच' टाईप बोलले होते.

ब्रदर, सुनीता पाटील डन. आमच्या बॅचमध्येच दोन आहेत.

रिटायर इन्चार्ज

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, शेवटची नऊ मेडिकल वॉर्डची इन्चार्ज म्हणून. तुमचं सगळं वाचलं, चांगलं आहे, पण मला एक सांगा, त्या चुकांच्या खोलीत पाच मिनिटं शांतता कशाला? वॉर्डात कधी पाच मिनिटं शांतता असते का? खाटा ३०, पेशंट ५५, खाली गाद्या टाकलेल्या, नाईटला सिस्टर दोन, त्यातली एक कॅज्युअल्टीला ओढून नेलेली. तिथं ती पाठ केलेली पाच राईट्स (बरोबर पेशंट, औषध, डोस, मार्ग न् वेळ) कुठं जातात ते मी बघितलंय. पोरगी हुशार असते हो, पाठ असतं सगळं, पण ट्रेमध्ये औषध भरता भरता नातेवाईक येतो 'सिस्टर सलाईन संपलं', मामा येतो 'सिस्टर एक्सरेला कोणाला न्यायचं', फोन वाजतो, आणि परत ट्रेकडं वळली की हातातली अँप्यूल (औषधाची छोटी कुपी) कुठली होती ते डोक्यातून गेलेलं असतं.

पोटॅशियम क्लोराईडची दहा एमएलची अँप्यूल न् पाण्याची अँप्यूल हातात घेऊन बघा एकदा रात्री तीन वाजता. पोटॅशियम शिरेतून सरळ ढकललं तर हृदय थांबतं, परत चालू होईलच असं नाही. माझ्या वॉर्डात ते मी पाण्याशेजारी कधी ठेवू दिलं नाही, वेगळ्या डब्यात, लाल चिकटपट्टी, आणि दोघींनी बघितल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हे मी कुठल्या सिम्युलेशनमध्ये शिकले नाही, एका सिनियर सिस्टरनं हात धरून शिकवलं. म्हणून मला ही नवीन फॅशन वाटते. चूक पोरीची कमी न् व्यवस्थेची जास्त असते, आणि तुम्ही खोलीत घालून पोरीलाच तपासताय.

लीड्सची सिस्टर

धाग्यावर उशिरा आले. रिटायर इन्चार्ज ताईंचं शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य, पण त्यावरून निघालेला निष्कर्ष नाही.

फॅशन म्हणाल तर ही फॅशन शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. १९११ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या हॉस्पिटलनं एका बाहुल्या करणाऱ्या बाईंकडून माणसाएवढी बाहुली करून घेतली, नर्सिंगच्या मुलींना उचलायला, कूस बदलायला, अंघोळ घालायला शिकवण्यासाठी, तिला सगळे मिसेस चेस म्हणायचे. सीपीआरच्या सरावाची बाहुली ॲन तर १९६० ची, ती पण नॉर्वेतल्या खेळणी करणाऱ्यानंच केली. वायर, कॉम्प्युटर हे सगळं नंतरचं. आणि उपयोग होतो का याचा तर अमेरिकेत दहा कॉलेजांत मोठा अभ्यास झाला, २०१४ ला आला, त्यात एका गटाचे निम्मे क्लिनिकल तास सिम्युलेशननं भरले आणि तरी शेवटी लायसन्स परीक्षेत न् नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत त्या मुली मागे पडल्या नाहीत. पण त्यातली अट लोक वाचत नाहीत, तिथल्या शिक्षकांना आधी ट्रेनिंग दिलं होतं, विशेषतः नंतरची चर्चा कशी घ्यायची याचं. नुसता पुतळा आणून निम्मी पोस्टिंग रद्द करा असा त्याचा अर्थ नाही. इथं यूकेत पण २,३०० क्लिनिकल तासांपैकी सिम्युलेशनचे ६०० पर्यंतच चालतात.

आता माझं. मी महाराष्ट्रातून इकडं आले तेव्हा ऑस्की द्यावी लागली, म्हणजे स्टेशनं लावलेली प्रॅक्टिकल परीक्षा. नऊ वर्षांचा अनुभव घेऊन गेले आणि पहिल्यांदा औषधाच्या स्टेशनवरच नापास झाले. चार्टवर ॲलर्जी पेनिसिलिन, ऑर्डर अमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्याच घरातलं. मला माहीत नव्हतं असं नाही हो. पण ऑर्डर डॉक्टरनं लिहिलीय, सही आहे, म्हणजे द्यायचं, हे नऊ वर्षांत हाताला इतकं सवयीचं झालं होतं की डोळ्यानं वाचलं न् हातानं दिलं. तुमच्याकडं हेच स्टेशन लावा, फक्त अमॉक्सिसिलिन ऐवजी ऑगमेंटिन लिहा, ब्रँडच्या नावाआड पेनिसिलिन लपतं ते कळेल.

आणि खरं शिकवायचंय ते पुढचं आहे, की चूक दिसली तर बोलायचं कसं. चुकांची खोली दिसायला शिकवते, बोलायला नाही. ट्युटर मॅडम, तुम्ही किंवा एखादे सर डॉक्टर बना, घाईत तोंडी ऑर्डर द्या, चुकीची द्या, आणि मुलीनं विचारलं की थोडं डाफरा. मग बघायचं ती कितव्या वाक्याला गप्प बसते. इकडं तीन पायऱ्या शिकवतात, मी मराठीत अशा करून घेतल्यात: 'सर, मला जरा काळजी वाटतेय', मग 'सर, मला हे बरोबर वाटत नाहीये', आणि तरी ऐकलं नाही तर 'सर, थांबा, पेशंटला धोका आहे'. वाक्य तोंडात बसलेलं असावं लागतं, ऐनवेळी सुचत नाही. आपल्याकडं 'सर, थांबा' म्हणणं किती जड जातं ते मला माहितीय, म्हणूनच लॅबमध्ये म्हणून घ्यायचं, दहा वेळा, मोठ्यानं.

रिटायर इन्चार्ज

बाहुलीचं माहीत नव्हतं. बरं. मग अडथळे घाला तुमच्या खोलीत, एवढंच माझं म्हणणं. औषध भरताना दोघींना नातेवाईक करून पाठवा. आणि पोरीनं काय म्हणायचं ते पण शिकवा, 'दोन मिनिटं थांबा, औषध भरतेय'. आम्हाला हे म्हणायची चोरी होती, सिस्टर उद्धट आहे म्हणून तक्रार जायची.

पडद्यामागचा

मी नर्सिंगमधला नाही, बँकेत आहे, पण हौशी नाटकं करतो, एकांकिका वगैरे. नातेवाईक न् पेशंट म्हणून आमच्यासारखे लोक बोलवा की, तालुक्याच्या गावात एक तरी हौशी ग्रुप असतोच आणि चहा वड्यावर येतील. एका मेडिकल कॉलेजात आमच्यातले चौघं गेलो होतो. एकच सूचना, लिहून द्या काय दुखतंय न् कधी थांबायचं, नाहीतर आमचा एक जण छातीत दुखायचा रोल करता करता असा पडला की खऱ्या डॉक्टर बाई पळत आल्या, त्याला टाळ्या पाहिजे होत्या.

आयसीयू ब्रदर

हा हा, पडद्यामागचा, म्हणूनच आम्ही एक शब्द ठरवायचो, 'खरंच थांबा' म्हटलं की नाटक बंद.

मॅडम हसण्या रडण्याचं राहिलं माझ्याकडून. हसतात कारण सांगितलेलंच नसतं की इथं काय चाललंय. सुरुवातीला पाच मिनिटं द्या, हा पुतळा आहे मला पण माहितीय, याला घाम येणार नाही, घाम आला असं मी तोंडानं सांगेन, इथं चुका व्हाव्यात म्हणूनच हे लावलंय, मार्क नाहीत, इथलं बाहेर बोलायचं नाही. खाटा मोकळ्या असतील तर आधी हाताळू द्या सगळं. आणि नवीन मुलांच्या हातात पेशंट मारायचा नाही, त्याचा उपयोग शून्य, मेलेला पेशंट सोडून त्यांना काहीच आठवत नाही.

नंतरच्या चर्चेला प्रत्यक्ष प्रसंगापेक्षा जास्त वेळ ठेवा. दहा मिनिटांचा प्रसंग, वीस मिनिटं बोलणं. 'का केलंस असं' विचारू नका, त्याला उत्तर 'सॉरी मॅडम' एवढंच येतं. 'तू व्हायल उचललीस तेव्हा तुझ्या डोक्यात काय चाललं होतं' असं विचारा आणि मग गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड. मी मनात दहा आकडे मोजायचो.

अजून एक, हे विसरू नका. शिकवायच्या बाटल्या न् अँप्यूलवर ठळक मार्करनं 'फक्त लॅबसाठी' लिहा आणि संपल्यावर मोजून परत घ्या. २०१४ च्या शेवटी अमेरिकेत ट्रेनिंगसाठी बनवलेलं सलाईन, जे निर्जंतुक नसतं, ते चुकून खऱ्या दवाखान्यांत जाऊन ४० हून जास्त पेशंटना चढलं, थंडी ताप आला लोकांना. सेफ्टी शिकवायला गेलो न् तीच बाटली वॉर्डात असं नको. कुंकवाचं पाणी घालून केलेलं रक्त पण त्याच दिवशी ओतून टाका.

कृष्णाकाठची ट्युटर

मंडळी, झालं काल. सविस्तर लिहायला आत्ता बसतेय.

चुकांची खोली जुन्या प्रॅक्टिकल हॉलमध्ये लावली, उशीचीच पेशंट, नाव अर्थात सुनीता पाटील. १२ चुका पेरल्या होत्या. जास्तीत जास्त सापडल्या आठ, एका गटाला तर चारच. चहाचा कप जवळजवळ सगळ्यांना दिसला (खाण्याचं बरोबर दिसतं!), नावाची चूक १२ गटांपैकी दोनच गटांना. रिटायर इन्चार्ज ताई, तुमच्यासाठी दुसऱ्या फेरीत आमचे शिपाई मामा नातेवाईक म्हणून आत पाठवले, 'सिस्टर आमच्या पेशंटला बघा ना' म्हणत ते असे काही पाठी लागले की पहिल्या फेरीत आठ सापडलेला गट पाचवर आला. मुलींना स्वतःलाच पटेना, परत मोजायला लावलं त्यांनी.

डॉक्टर मी झाले, ॲप्रन घालून. ऑगमेंटिनची ऑर्डर. पहिल्या तिघी 'येस सर' म्हणून द्यायला निघाल्या. चौथी होती ती मागच्या वर्षीची. मी मुद्दाम बोलावलं नव्हतं, नंबर आला तिचा. ती म्हणाली 'सर, यांना पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलीय'. मी डाफरले, 'मग? मी ऑर्डर दिलीय ना'. ती थांबली. मी मनात आकडे मोजत होते ब्रदर, सातपर्यंत आले. मग ती म्हणाली 'सर थांबा, पेशंटला धोका आहे', आवाज बारीक होता पण म्हणाली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, माझा ॲप्रनवाला रोल तिथंच गळून पडला. मागच्या वर्षीबद्दल मी सगळ्यांसमोर तिला सॉरी म्हटलं, सगळ्यांसमोर ओरडले होते म्हणून सगळ्यांसमोरच.

आणि एक गंमत. एका गटानं कागदावर तेरावी चूक लिहून आणली, 'ऑक्सिजन सिलिंडर रिकामा'. मी म्हटलं मी तर नळी काढून ठेवली होती, सिलिंडरला हात लावला नव्हता. जाऊन बघितलं तर काटा शून्यावर. ती चूक मी पेरलेली नव्हती, तो आमच्या सिक रूमचाच सिलिंडर, देखाव्याला म्हणून आणला होता.

लीड्सची सिस्टर

त्या मुलीला माझ्याकडून एक चॉकलेट द्या, पैसे मी पाठवते.

रिटायर इन्चार्ज

सिलिंडर भरला का?

कृष्णाकाठची ट्युटर

इंडेंट (मागणीचा कागद) दिलाय ताई. स्टोअरचे सर रजेवर आहेत, चावी त्यांच्याकडेच.

रिटायर इन्चार्ज

मग प्रिन्सिपल बाईंसमोर जाऊन उभी राहा आणि ते तिसरं वाक्य म्हण.